डिकीवाली गाडी

घ्यायची तर डिकीवालीच घ्यायची, हे बाबांनी आधीच ठरवून टाकलं होतं. ज्या कारखान्यात त्यांनी उभी हयात कापडाचे लूम दुरुस्त करण्यात घालवली, तिथल्या शेठची गाडी डिकीवाली होती. मागे डिकी नसलेल्या गाडीला ते गाडी मानायलाच तयार नव्हते. "ती रिक्षाच हाय, दारं लावलेली," असं म्हणायचे, आणि तेही निजामपुऱ्यातली आमची अख्खी गल्ली ऐकेल एवढ्या आवाजात. लूमच्या खडखडाटात त्यांचे कान गेले, आवाज मात्र तसाच राहिला.

आमच्या घरात बोलणं ही ऐकायची नाही, बघायची गोष्ट आहे. लूमवर काम करणारी माणसं एकमेकांच्या तोंडाकडे बघून बोलतात. ओठ मोठे हलवायचे, भुवया वापरायच्या, उरलेलं हातांनी सांगायचं. आई त्याच कारखान्यात कांड्या भरायला जायची, म्हणजे शटलमध्ये बसणाऱ्या नळ्यांवर सूत गुंडाळायचं काम करायची. तिलाही ही बोली येत होती. स्वयंपाकघरातून बाबांना हाक मारायची तर ती सुताचा बोळा फेकायची. बोळा अंगावर पडला की बाबा वळायचे आणि बोलणं सुरू व्हायचं. भांडणंही अशीच. भांडणात हरायची वेळ आली की बाबा डोळे मिटून घ्यायचे. त्यांनी डोळे मिटले की विषय संपला, मग आईने कितीही तोंड हलवलं तरी काय उपयोग? ती चिडून बोळ्यावर बोळे मारत राहायची.

आई गेली आणि घरात बाबांशी ती बोली बोलणारी मी एकटीच उरले. मी काल्हेरच्या एका गोडाऊनच्या ऑफिसात नोकरी करते. लग्न केलं नाही, आणि त्याबद्दल सल्ला द्यायला नातेवाईक पुरेसे आहेत, इथे तो विषय नको. मी दिवसभर बाहेर, बाबा दिवसभर घरात. तरी रविवार आमचा होता. आम्ही शेअर रिक्षाने विहारात जायचो, तिथून धामणकर नाक्यावर चहा. रिक्षात मागे दोघं गुडघ्याला गुडघा लावून, एकमेकांकडे तोंड करून बसायचो आणि आठवड्याचं सगळं बोलून घ्यायचो. शेजारच्या प्रवाशाला वाटायचं, आमचं भांडण चाललंय.

मग बाबांच्या मणक्याचं दुखणं निघालं. डॉक्टरांनी सांगितलं, रिक्षा बंद. आमचे रस्ते बघता ते काही चुकीचं बोलले नाहीत. पण रिक्षा बंद म्हणजे विहार बंद, चहा बंद. बाबा गल्लीच्या तोंडापर्यंतही जाईनात. संध्याकाळी मी घरी आले की दिवा लावायचे, माझ्या तोंडाकडे एकदा बघायचे आणि पुन्हा भिंतीकडे वळायचे. कानातलं मशीन आणून बघितलं होतं. शेजारचे लूम डोक्यात शिरतात, माणूस तेवढा शिरत नाही, असं म्हणून त्यांनी ते डबीत ठेवलं ते कायमचं. एका सुट्टीच्या दिवशी मला जाणवलं की सकाळपासून रात्रीपर्यंत ते एक अक्षर बोललेले नाहीत. मला भीती वाटली. बाबा असून नसल्यासारखे होतील, याची भीती.

म्हणून गाडी. चाळिशी उलटल्यावर मी गाडी चालवायला शिकले, क्लासवाल्याच्या शिव्या गोड मानून घेतल्या. दोन डिकीवाल्या गाड्या आमच्या आवाक्यात होत्या, एक पांढरी आणि एक करडी. रोज जेवणाच्या सुट्टीत मी त्या दोघींचे व्हिडिओ बघत बसायची. पांढरीची सीट उंच, चढायला-उतरायला सोपी, शिवाय सीएनजी. करडीची सीट मऊ, खड्डे अंगाला कमी लागणार, पण जरा खाली बसकी. आमच्या इथले स्पीडब्रेकर म्हणजे घराचे उंबरठे, तिथे तिचं पोट घासणार का? ऑफिसातल्या प्रत्येकाला मी विचारलं. ज्यांच्याकडे सायकलही नाही, त्यांनीसुद्धा मत दिलं. एका गोष्टीवर सगळ्यांचं एकमत होतं. दोन्ही गाड्या आतून एकदम शांत. काच वर केली की बाहेरचं जग बंद. मलाही त्याचं फार कौतुक वाटलं.

एका रविवारी बाबांना घेऊन निघाले. ओळखीच्या एकाच्या गाडीने हळूहळू गेलो. बाबांनी इस्त्रीचा शर्ट घातला होता. पहिल्या शोरूममध्ये त्यांनी आधी काय केलं असेल, तर पांढरीची डिकी उघडायला लावली. आत सीएनजीची टाकी.

"यात ठेवायचं काय? टाकीच?" बाबा गरजले. शोरूममधली सगळी माणसं वळली. बाबा मात्र खुशीत होते. कितीतरी दिवसांनी ते स्वतःहून बोलले होते, आणि मला वाटलं, झालं, जमलं.

टेस्ट ड्राइव्हला मी चालवायला, शेजारी सेल्समन, बाबा मागे. बायपासला लागलो. सेल्समनने काचा वर केल्या आणि म्हणाला, "मॅडम, देखो, कुजबुजलं तरी मागे ऐकू जातं." मी बाबांना विचारलं, "कसं वाटतंय? पाठ दुखते का?" सवयीने ओठ मोठे हलवून विचारलं. मग लक्षात आलं की मी समोर बघतेय. वरच्या आरशात पाहिलं, तर बाबाही आरशातच बघत होते. पण त्या आरशात मला त्यांचे डोळे दिसत होते आणि त्यांना माझे. ओठ कुणालाच दिसत नव्हते.

"काय?" बाबा म्हणाले.

लूमच्या कारखान्यात चालेल असं ते "काय?" त्या बंद डब्यात फुटलं. सेल्समन दचकला, त्याचा हात कानाकडे गेला. मग ओशाळून हसला. त्याची काही चूक नव्हती, तरी मला त्याला तिथेच खाली उतरवावंसं वाटलं. बाबांनी तो कानाकडे गेलेला हात बघितला. ते सगळं बघतात, त्यांना दुसरं आहे काय?

दुसऱ्या शोरूममध्ये करडीत मी त्यांना पुढे, माझ्या शेजारी बसवलं. माझं तोंड दिसावं म्हणून ते कमरेतून वळले आणि पाठीत कळ आल्याने कंबर धरून तसेच बसले. मग मागे बसवलं, घरून आणलेल्या उशा लावल्या. मी आरसा खाली वळवला. माझे ओठ दिसतील इतका. बाबांनी मान हलवली, दिसत होते. तेवढ्यात तिथल्या सेल्समनने हात लांब करून आरसा सरळ केला. "मागची गाडी दिसली पाहिजे ना मॅडम," तो अगदी नम्रपणे म्हणाला. बरोबरच होतं त्याचं. इतके महिने मी सीटची उंची, मायलेज, गाडीचं पोट सगळं ताडून पाहिलं, आणि जन्मापासून ज्या घरात तोंड बघून बोलले, तिथली ही साधी गोष्ट माझ्या डोक्यात आली नव्हती.

घरी आल्यावर मी बाबांसमोर बसले. म्हटलं, "ड्रायव्हर ठेवू. मी मागे तुमच्याजवळ बसेन."

"परक्या माणसासमोर मी न्हाय बोलणार, बाय," ते म्हणाले. त्या दिवशी त्यांनी आवाज लहान करायचा प्रयत्न केला होता. किती लहान झाला ते त्यांना कळत नव्हतं, म्हणून तो जवळजवळ ऐकूच आला नाही. "तो कसा दचकला, बघितलंस ना. तू घे गाडी. दोन्ही चांगल्या हायेत."

तरी मी एकदा भाड्याची टॅक्सी करून बघितली. मी मागे, त्यांच्या शेजारी, तोंडाकडे तोंड. मी बोलत होते, ते मान हलवत होते, आणि त्यांची नजर पुन्हा पुन्हा ड्रायव्हरच्या कानाकडे जात होती.

शेवटी करडी घेतली. मणक्याच्या व्यायामासाठी त्यांना दवाखान्यात न्यावंच लागतं, आणि रिक्षात घालून त्यांचा मणका मोडायचा नव्हता. गल्लीत गाडी शिरत नाही, म्हणून गल्लीच्या तोंडाजवळ जागा भाड्याने घेतली आहे. डिकी मोकळी आहे. तिच्यात ठेवण्यासारखं आमच्याकडे काही नाही.

सुरुवातीला मी धामणकर नाक्याच्या ट्रॅफिकची वाट बघायची. गाडी थांबली की मागे वळायची आणि भराभर काहीतरी सांगायची. बाबा पुढे झुकून माझे ओठ बघायचे. अर्धं वाक्य झालं की मागून हॉर्न सुरू, मग मी पुढे वळायची आणि उरलेलं वाक्य काचेला सांगायची. एकदा सुताचा बोळा करून खिशात ठेवला होता. तो मागे फेकला तर ते बघतील, पण बघून त्यांना माझं डोकंच दिसणार.

आता मी वळत नाही. दर रविवारी विहारात जायला त्यांना हात धरून गाडीपर्यंत आणते, मागे बसवते, पाठीशी उशी लावते, पट्टा अडकवते. पुढे येऊन गाडी सुरू करते आणि आरशात बघते. पट्टा अडकवला तेव्हाच बाबांनी डोळे मिटून घेतलेले असतात.