ओंजळीतला महादेव

महादेव मला पावेल की नाही, यापेक्षा तो माझ्या जावेला आधी पावेल याचीच मला जास्त धास्ती होती. खरं आहे ते लिहिते. कपिलधारच्या देवस्थानी दरवर्षी आमच्या घरची जंगमांची, म्हणजे आमच्या गुरूंची, पाद्यपूजा असते. यंदा गुडघे वाकेनात म्हणून सासूबाईंनी तो मान सुनेकडे द्यायचं ठरवलं आणि केजहून निघताना गाडीत सहज बोलल्यासारखं म्हणाल्या, "धाकटीच करील." धाकटी म्हणजे पल्लवी. लग्नाला पुरतं वर्षही झालं नव्हतं. गळ्यातल्या इष्टलिंगाची पूजा झाल्याशिवाय मी कधी पाण्याचा घोट घेतला नाही, आणि मान हिला. माझ्या अंगाचा नुसता तिळपापड झाला.

नेकनूरच्या अलीकडे एका माळावर पंख्याच्या पॅराशूटमधून लोकांना आकाशात फिरवत होते. पल्लवीनं हट्ट धरला, दिरांनी लगेच गाडी थांबवली. ती वर गेली. दीर व्हिडिओ काढत राहिले, सासूबाई कपाळावर हात धरून कौतुकानं बघत बसल्या. बघायचं नाही असं ठरवून मीही सगळं बघत होते. ती उतरताच मी म्हणाले, "मला पण बसायचंय." गच्चीच्या कठड्याशीसुद्धा मी कधी जात नाही, हे घरात सगळ्यांना ठाऊक आहे.

"ताई, गळ्यात लोंबतंय ते काढून ठिवा, पट्ट्यात अडकतंय," चालवणारा म्हणाला. आमच्यात इष्टलिंग अंगावेगळं करत नाहीत, दुसऱ्याच्या हाती तर देतच नाहीत. पण माझ्या डोक्यात वेगळंच भरलं होतं. चांदीच्या डबीतलं लिंग मी गळ्यातून काढलं आणि फोनसकट पल्लवीच्या हातात कोंबलं. "माझा बी व्हिडिओ काढ."

पंखा घरघरत होता तोवर बरं होतं. मग तो अचानक बंद पडला. "भिऊ नका, तरंगत उतरू," चालवणारा म्हणाला, पण त्याचाही आवाज चिरकला होता. माझा हात सवयीनं गळ्याशी गेला. गळा मोकळा. महादेवाचं नाव घ्यायलाही मला तोंड राहिलं नव्हतं. खाली पाहिलं, तर ज्वारी काढलेल्या रानातून पल्लवी आमच्या दिशेनं पळत येत होती. डोक्यावर पदर, पाय अनवाणी, दोन्ही हातांची ओंजळ छातीशी धरलेली. ढेकळांत ठेचकाळत होती, पण तोल सावरायलाही ओंजळ सोडत नव्हती. मी त्या ओंजळीवर नजर ठेवली आणि मनात म्हटलं, देवा, आहेस तिथूनच सांभाळ. त्यानंतर मी हातपाय आवळून धरले नाहीत. बाकी वाऱ्यानं केलं की चालवणाऱ्यानं, मला सांगता येणार नाही. आम्ही त्याच रानात अलगद टेकलो.

पल्लवीनं धापा टाकत लिंग माझ्या गळ्यात घातलं. तिच्या पायात काटे भरले होते.

"अक्का, तुमचा व्हिडिओ न्हाई निघाला," ती ओशाळून म्हणाली. "फोन खाली ठिवला. महादेव कुठं ठिवू?"

कपिलधारला पूजेचं ताट मीच तिच्या हातात दिलं. ती जंगमांचे पाय धुवत असताना माझ्या पोटात थोडं दुखलंच. तेही मी देवाच्या हवाली केलं. अजून घरी पाहुणे आले की पल्लवीच्या उड्डाणाचा व्हिडिओ लागतो. माझा का नाही, असं कुणी विचारलं तर ते मीच सांगते.