मान खाली घातल्याचे दहा गुण

दीपमालाला "कशी आहेस?" असं विचारू नये. ती खरंच सांगते. डावा गुडघा, पंख्याची करकर, शेजारच्याच्या डब्यातला लसणाचा वास, सगळं क्रमानं. आमच्या ऑफिसात नवा माणूस आला की पहिल्या दिवशी विचारतो, दुसऱ्या दिवशी नुसता हात हलवतो.

ऑफिस म्हणजे मुकुंदवाडीत टायरच्या दुकानावरचा मजला. तिथं आम्ही नऊ जण मोबाईलवरचे गेम बनवतो. दीपमाला बिडकीनची, वय एकोणतीस, काम टेस्टरचं. म्हणजे गेम पुन्हापुन्हा खेळायचा आणि त्यातल्या चुका शोधून यादीत टाकायच्या. या कामानं माणूस वेडा होतो. ती शांत होते. एकच प्रसंग चारशे वेळा खेळून तिनं एकदा शोधलं होतं की नायकाची रिक्षा दर सतराव्या फेरीला भिंतीतून जाते. आपल्या शहरातले रिक्षावाले पाहता मला ती चूक वाटलीच नव्हती.

तिला ऑटिझम आहे हे सव्विसाव्या वर्षी एका डॉक्टरीणबाईंनी सांगितलं. त्याला मराठीत स्वमग्नता म्हणतात, हे मी तिला मोठ्या प्रेमानं कळवलं. ती म्हणाली, स्वमग्न तर विश्वजित सर आहेत, मला नुसता ट्यूबलाइटचा आवाज ऐकू येतो.

विश्वजित सर म्हणजे आमचे मालक. यंदा त्यांनी प्रेमाचा गेम काढायचं ठरवलं. खेळणारा हा नायक, समोर चार तरुणी, त्यातल्या एकीचं मन जिंकायचं. शंभर गुण झाले की चुंबन. संवाद लिहायला मी. फुलंब्रीच्या शाळेत मुलं एका रांगेत आणि मुली दुसऱ्या, एवढंच काय ते माझं प्रेमाचं शिक्षण.

सरांना चौथी मुलगी "जरा वेगळी" हवी होती. परदेशी गेममध्ये असतात म्हणे अशा. कमी बोलणाऱ्या, विचित्र, गोड. नायकानं मिठी मारली की बऱ्या होतात. मी समोर बघितलं. समोर दीपमाला बसलेली. तिचा राखाडी कुर्ता घेतला, अंगठ्यानं बोटं मोजायची सवय घेतली, नजरेला नजर न देणं घेतलं. तिला विचारलं नाही. विचारायचं असतं हे सुचलंच नाही. मुलीला काहीतरी दुःख हवं म्हणून तिचा बाप लहानपणीच मारून टाकला आणि नाव ठेवलं जुई.

आता गुण कधी द्यायचे? मी बिनधास्त लिहिलं: नायकानं हात धरला, जुईनं तो जरासा मागं घेतला आणि मान खाली घालून गप्प राहिली, की दहा गुण. आपल्याकडं मुलगी बघायच्या कार्यक्रमात हाच नियम चालतो. पोह्यांचा ट्रे ठेवून पोरीनं खाली बघितलं की कुणीतरी मावशी म्हणते, लाजली. की सगळे सुपारीकडं वळले.

दीपमालानं जुईचा भाग तीन दिवस खेळला. मग यादीत नोंद आली, क्रमांक तीनशे सोळा, लाल रंगात: "जुई हात तीन वेळा मागं घेते. तरी गुण वाढतात. वाढू नयेत."

लाल नोंद उघडी असेल तर गेम बाजारात जात नाही, आणि जो नोंद टाकतो त्यानंच ती बंद करायची, हा सरांचाच नियम. प्रोग्रामर मंडळी आपल्याच चुका आपणच बंद करून चहाला जायची, म्हणून केलेला. गेम दसऱ्याला काढायचा होता आणि दसरा आठ दिवसांवर. सरांनी तिला समजावलं की ही चूक नाही, ही कथा आहे. तिनं विचारलं, रिक्षा भिंतीतून जायची ती पण कथाच होती का? शेवटी सरांनी सांगून टाकलं की शुक्रवारपर्यंत नोंद बंद झाली नाही, तर ते दुसरा टेस्टर बघतील. मग मला बोलावलं.

"तुझं ऐकते ती. समजाव."

तिनं माझं कधी ऐकल्याचं मला आठवत नव्हतं, तरी गेलो. ती जिन्यात भाकरी खात बसली होती. म्हटलं, अगं, ती लाजते.

"लाजत नाय ती," दीपमाला भाकरीकडं बघत म्हणाली. "डोळ्यात बघितलं की समोरच्याचं बोलणं कळत नाय. म्हणून खाली बघती."

"तुला काय माहीत?"

"कुर्ता माझा हाय."

मग तिनं सांगितलं. दोन वर्षांपूर्वी पैठणहून पाहुणे आले होते. बारा माणसं एका खोलीत एकदम बोलत होती, म्हणून डोकं ठिकाणावर ठेवायला तिनं फरश्या मोजायला घेतल्या. एकशे बारा निघाल्या, तीन फुटक्या. मोजून वर बघते तर सुपारी फुटलेली, कपाळाला कुंकू, आणि मुलाचा मामा पेढा पुढं करतोय. तिनं खाल्ला, कारण पेढा तिला आवडतो. तोही होकारात धरला गेला. तिसऱ्या दिवशी तिनं घरात सांगितलं की मी हो म्हटलेलंच नाही. आत्या केसरबाई म्हणाल्या, मग मान कशाला खाली घातलीस? ते सगळं मोडायला चार महिने गेले. बिडकीनमध्ये ती अजून "पेढा खाऊन मोडलेली" म्हणून ओळखली जाते.

"मुलगा आवडला नव्हता का?"

"बघितलाच नव्हता. विचारलं असतं तर बघितला असता." तिनं भाकरीचा तुकडा मोडला. "आन मला मिठी नको असं नाय. आवडती. घट्ट, आन सांगून."

मी जिन्याच्या पायरीकडं बघायला लागलो.

"दहा गुण," दीपमाला म्हणाली.

मी उठलो तेव्हा मागून आवाज आला, "माझा बाप जिवंत हाय. मोसंबी लावतो. त्याला उगं मारलास."

गुरुवारी मी मान खाली घालण्याचा तो नियम काढून टाकला. त्या जागी एक बटण आलं: "विचारू का?" जुई कधी हो म्हणते, कधी आज नको. आज नको म्हटल्यानं कुणाचे गुण जात नाहीत. मिठीनं बरं होणं काढलं. शेवटी जुई होती तशीच राहते, फक्त प्रेमात पडते. तिच्या बापाला जिवंत करून पाच एकर मोसंबी दिली.

सर स्वतः खेळायला बसले. तीन वेळा "आज नको" ऐकून त्यांचा चेहरा परीक्षेच्या निकालासारखा झाला. हे कुणी खेळणार नाही, असं म्हणत त्यांनी चौथ्यांदा बटण दाबलं. जुई म्हणाली, "चालेल. पण आधी तो फोन खाली ठेव." सरांनी हातातला फोन खरंच खाली ठेवला. मग म्हणाले की हे वाक्य त्यांच्या घरी पण चालतं, राहू द्या.

शुक्रवारी चार वाजता दीपमालानं नोंद तीनशे सोळा बंद केली. सरांनी सगळ्यांना चहा सांगितला. चहा यायच्या आत यादीत तीनशे सतरा दिसली, लाल:

"चुंबनाच्या वेळी नायकाचं नाक जुईच्या गालात घुसतं. दोघांची तयारी आहे, तरी नाक बाहेर ठेवावं."