नखाला लागलेली रेघ

अप्पा, माझे वडील, अंगणात पाटावर बसून त्यांच्या जुन्या मोटारसायकलचं इंजिन साफ करत होते. झाकणाखालचं कागदी पॅकिंग वर्षानुवर्षांच्या उष्णतेनं अ‍ॅल्युमिनियमला घट्ट चिकटलं होतं. मी पेचकस पुढे केला, तर म्हणाले, "त्यानं नको. ओरखडा पडला की तिथून तेल गळणारच."

रॉकेलनं भिजवून, लाकडी पट्टीनं ते कण कण सोडवत राहिले. शेवटचा तुकडा काही केल्या निघेना, तेव्हा त्यांनी ब्लेड आडवं धरलं. चाळीस वर्षं हेच काम केलेला तो हात गेल्या वर्षापासून थरथरतो. ब्लेड काढून घ्यावं तर त्यांच्या मनाला लागेल, राहू द्यावं तर इंजिनाला. मी नुसताच बघत उभा राहिलो. माणूस म्हातारा होताना जवळच्यांना बहुधा एवढंच करता येतं.

ब्लेड घसरलं.

अप्पांनी त्या जागेवरून नख फिरवलं. मग माझं बोट धरून तिथं नेलं. "मला हल्ली नीट कळत नाही. लागतंय का रे काही?"

माझं नख रेघेत अडकलं होतं.

"नाही अप्पा."

त्यांनी क्षणभर माझ्याकडे पाहिलं, ब्लेड फडक्याला पुसलं आणि माझ्या हातात दिलं.