जेवलास का, एवढंच विचारायचं

तुम्ही दोघं फोन करता तेव्हा मी 'हॅलो' म्हणत नाही, 'जेवलात का?' विचारते. धाकट्याला त्याचं हसू येतं. "आजी, इथे सकाळचे सात वाजलेत. आत्ता कोण जेवतं?" थोरलीला मात्र आठवतं की मी पूर्वी असं करत नसे. "पूर्वी तू ऑफिससारखी बोलायचीस," ती परवा म्हणाली, "आम्हाला भीती वाटायची." तिचं खरं आहे. हे कसं बदललं ते लिहून पाठवते आहे, कारण फोनवर मला ते सांगता येणार नाही.

तुम्हाला माहीत आहे, मी तेहतीस वर्षं फोर्टमधल्या एका कंपनीच्या टेलिफोन बोर्डावर बसत होते. कॉन्व्हेंटच्या इंग्रजीवर ती नोकरी मिळाली आणि त्याच इंग्रजीवर टिकली. फोन उचलला की आधी वेळेप्रमाणे नमस्कार, मग कोण बोलतंय ते विचारायचं, मगच पुढचं. आवाज चढवायचा नाही, आपलेपणा दाखवायचा नाही. त्या नोकरीने मला आणखी एक गोष्ट शिकवली. लाईन मेली की शांतता कापूस भरल्यासारखी होते. होल्डवर ठेवलेल्या लाईनीत बारीक गुणगुण असते. आणि पलीकडे माणूस असून बोलत नसेल, तर ती शांतता वेगळीच असते. ती आपल्याला ऐकत असते.

आजोबा गेल्यावर मी दोन वर्षं कुठे गेले नव्हते. हॉटेलात एकटीने जेवायला मला आवडत नाही, आणि रिसॉर्टवाल्यांना एकटी बाई म्हणजे खोली अडवणारी वाटते. आमच्या इंद्रलोक वसाहतीतल्या एका मैत्रिणीने मला एका ग्रुपमध्ये घातलं. निवृत्त माणसं तिथे घरांची अदलाबदल करतात. आठ-दहा दिवस तुम्ही आमच्याकडे, आम्ही तुमच्याकडे. जेवण आपलं आपण करायचं, झाडांना पाणी घालायचं, निघताना चादरी धुऊन ठेवायच्या. मला ही पद्धत आवडली. रत्नागिरीकडच्या एका गावातल्या बाईंशी माझं जमलं. माझ्याहून दहा-बारा वर्षांनी लहान, त्याही एकट्याच. त्यांना मुंबई बघायची होती.

मी त्यांच्यासाठी चार पानांची यादी टाईप केली. गीझर, गॅस, कचऱ्याची वेळ, आणि शेवटच्या पानावर बघण्यासारखं काय काय: उत्तनचा किनारा, पालीचं चर्च, बस कुठून मिळते, रिक्षावाला किती घेईल. किल्ली शेजारच्या गुजराती बेनकडे ठेवली आणि हायवेवरच्या काशीमीरा नाक्यावरून एसटी पकडली. घर समजावून द्यायला त्या बाई एक दिवस थांबणार होत्या.

त्यांचं घर जांभ्या दगडाचं, वर कौलं, पुढे ओटी. ओटीवर पुरुषाच्या चपला होत्या, नीट पुसलेल्या, टाचा भिंतीकडे. मला वाटलं, घरात कुणीतरी आहे.

"मुलाच्या आहेत," त्या म्हणाल्या. "घालतो कधी, ते विचारू नका."

मग चहा घेताना त्यांनी सगळं सांगितलं, लपवाछपवी न करता. सहा वर्षांपूर्वी बाप-लेकाचं वाजलं होतं. मुलगा बावीस वर्षांचा, काम सुटलेलं. "हे ताटावर बोलले. फुकट गिळतो म्हणाले. अर्ध्या भाकरीवरून उठला, ताई. हात धुतला का, तेसुद्धा मला आठवत नाही. अनवाणी गेला."

दोन वर्षं काही कळलं नाही. मग फोन यायला लागला. त्या वाडीत मोबाईलची रेंज नाही, म्हणून घरात तारेचा जुना डबा फोन, नंबर न दाखवणारा. महिन्या-दोन महिन्यांनी, संध्याकाळी दिवे लागल्यावर तो वाजायचा. पलीकडून कुणी बोलायचं नाही. "मी विचारते, जेवलास का? जरा थांबतो. मग ठेवतो."

"तो तोच आहे कशावरून?" मी विचारलं.

"दुसरं कोण एवढं थांबेल?"

एकदा त्यांनी वडील गेल्याचं सांगायचा प्रयत्न केला होता. 'अरे, तुझे वडील' एवढं तोंडातून निघालं आणि फोन बंद झाला. त्यानंतर वर्षभर आला नाही. तेव्हापासून त्या एकच प्रश्न विचारायच्या, आणि घराला एक रात्रही कुलूप लावायच्या नाहीत. अदलाबदलीचं कारण तेच होतं. कुठे जायचं तर त्या वेळेला घरात कुणीतरी हवं.

"शेजारणीला बसवलं असतं," त्या म्हणाल्या, "पण ती सुरू होईल, अरे कुठे आहेस, आईची काय दशा केलीस. तुमचा आवाज ऐकला तेव्हाच मी ठरवलं. शांत बाई आहे. सांगितलं तेवढंच बोलेल. जेवलास का, एवढंच विचारायचं. म्हणून दाखवा बघू."

"जेवलास का?"

"अगं बाई, हे डॉक्टर विचारल्यासारखं झालं. भांडी विसळताना विचारतो ना, तसं."

मी पुन्हा म्हटलं. त्या हसल्या. "चालेल. त्याला वाटेल आईला सर्दी झालीय."

दुसऱ्या दिवशी सकाळी त्या गेल्या.

थंडीतले ते दिवस मला अजून नीट आठवतात, कारण तिथे एकटं असल्यासारखं वाटलंच नाही. त्यांची यादी कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलेली. दिवेलागणीला पुढचं दार उघडं ठेवा. त्याच्या खोलीची खिडकी सकाळी उघडा, दुपारी लावा. चपला उन्हातून हलवा. मी सगळं वेळेवर करत होते. खोलीत शर्टांच्या घड्या होत्या, साबणाचा ताजा वास असलेल्या. सहा वर्षं कुणीही न घातलेले शर्ट त्या दर महिन्याला धूत होत्या. दिवसा मी वाचायचे, परड्यात फिरायचे. पण ऊन कलायला लागलं की सगळं घर फोनकडे तोंड करून बसल्यासारखं वाटायचं. मीही त्याच्या जवळच्या खुर्चीत बसायचे आणि मनात तो प्रश्न म्हणायचे. चौथ्या दिवशी लक्षात आलं की मी भाकरी एक जास्त करते आहे.

सहाव्या संध्याकाळी मी दिवा लावून वळले आणि फोन वाजला. मी धावले नाही. नोकरीत होते तशीच शांतपणे गेले, रिसीव्हर उचलला, आणि तेहतीस वर्षांची सवय माझ्या आधी बोलली.

"गुड इव्हनिंग. मे आय नो हूज कॉलिंग, प्लीज?"

पलीकडे माणूस होता. ती शांतता मी ओळखते. तिच्यामागे लांबवर ट्रकचा कर्कश हॉर्न वाजला, आणि स्टीलची ताटं एकावर एक टाकल्यासारखा आवाज आला. मी तोंड उघडलं. 'जे' एवढंच निघालं असेल. फोन ठेवला गेला.

मी बराच वेळ रिसीव्हर हातात धरून उभी होते. जेवले नाही. उरलेले दिवस संध्याकाळी त्या खुर्चीतून उठलेच नाही, पण फोन पुन्हा वाजला नाही. निघताना चादरी धुतल्या, घड्या घातल्या, किल्ली शेजारणीकडे दिली. ओटीवरच्या चपलांकडे बघवेना.

मी वाटेत असतानाच त्याही परतीच्या गाडीत होत्या, त्यामुळे आमची भेट झाली नाही. माझं घर त्यांनी लखलखीत ठेवलं होतं. चार पानांची यादी टेबलावर होती तिथेच, शेवटचं पान न उलटलेलं. बेन दारातच भेटल्या.

"आंटी, तुमची मेहमान तो कमाल हाय. रोज सुबह रिक्षा करून काशीमीरा. मी बोलली, बेन, बीच तिकडे नाय, उलटा हाय! तो बोलली, मला हॉटेल बघायचेत. मी बोलली, हॉटेल बघून काय करनार, तिथे ट्रकवाले जेवतात. हातात एक फोटो घेऊन जायची. संध्याकाळी आली की पाय सुजलेले."

म्हणजे त्या मुंबई बघायला आल्याच नव्हत्या. कुणीतरी गावी जाऊन सांगितलं असणार की मुलगा काशीमीराच्या एखाद्या हॉटेलात दिसला. आणि त्या तिथे दारोदार फोटो दाखवत फिरत असताना त्याने घरी फोन केला होता, आणि तो मी उचलला होता.

दुसऱ्या दिवशी त्यांचा फोन आला. घर किती छान ठेवलंत, वगैरे झाल्यावर त्यांनी विचारलं, "आला होता?"

"हो," मी म्हटलं.

"विचारलंत?"

मुलांनो, मी तुम्हाला खोटं बोलू नका म्हणून किती बोलले आहे. मी म्हटलं, "हो. विचारलं."

"मग?"

"थोडा थांबला. मग ठेवला."

"बरं झालं," त्या म्हणाल्या. "बरं झालं तुम्ही होतात."

ट्रकचा हॉर्न मी सांगितला नाही. ताटांचा आवाज सांगितला नाही. ते सांगायचं तर मी काय बोलले तेही सांगावं लागलं असतं.

पुढे त्या एसटी स्टँडवर बाजाराला गेल्या की तिथे रेंज मिळायची, आणि मला मेसेज यायचा. अजून नाही आला. होळीनंतर, अजून नाही. आंबे उतरले, अजून नाही. मी प्रत्येक वेळी 'येईल' असं उत्तर लिहिलं. मला घरात नकोसं व्हायला लागलं. आपला फोन वाजला की उचलायच्या आधी मी दोन घंटा जाऊ द्यायचे, अगदी तुमचा असला तरी.

एका सोमवारी संध्याकाळी धीर करून मी त्यांचा नंबर लावला, सगळं सांगून टाकायचं म्हणून. वेळेचा विचार केला नाही. पहिली घंटा पुरी व्हायच्या आत तिकडून रिसीव्हर उचलला गेला.

"जेवलास का?"

तसं मला म्हणताच आलं नव्हतं. भांडी विसळताना, मान न वळवता विचारल्यासारखं. त्या थांबल्या. मी थांबले. आणि मग मी फोन ठेवला.

चौथ्या दिवशी मेसेज आला. सोमवारी आला होता. शिरा केला. शेजारी वाटला.

मी तो मेसेज किती वेळा वाचला ते सांगत नाही. त्याच्या जागी मी जाऊन उभी राहिले होते, आणि त्या घरात माझ्या नावाने शिरा वाटला गेला होता. आठवडाभर मला झोप लागली नाही. मग एका सकाळी अकरा वाजता, त्याची वेळ नसताना, मी फोन केला आणि त्या 'हॅलो' म्हणताच सगळं क्रमाने सांगितलं. थंडीतला फोन, माझं इंग्रजी, खोटं उत्तर, सोमवारचा फोन. हॉर्न. ताटं.

पलीकडे शांतता होती. माणूस असलेली.

"म्हणजे सोमवारचा तुमचा," त्या म्हणाल्या.

"हो."

"आणि थंडीतला त्याचा."

"हो."

"इंग्रजी ऐकून त्याला वाटलं असेल, घर विकलं. आई पण गेली." हे माझ्या मनातही आलं नव्हतं. मग त्यांचा आवाज पहिल्यांदा चढला. "ताटांचा आवाज होता तर तेव्हाच का नाही सांगितलंत? मी पुन्हा आले असते ना! चार हॉटेलं राहिली होती माझी!"

माफी मागितली, ती त्यांनी ऐकली की नाही कळलं नाही. थोड्या वेळाने त्या पूर्वीच्याच आवाजात म्हणाल्या, "स्टँडवर गेले की फोटो पाठवते. तुम्हाला काशीमीरा जवळ आहे. आता ठेवते. लाईन मोकळी असू दे."

म्हणून दर गुरुवारी मी तिकडे जाते. तुमच्या बाबाला वाटतं, बँकेत जाते. गॅरेजं आणि गोदामांच्या मधून चालत एकेका हॉटेलात शिरते, चहा मागवते, फोटो दाखवते. बहुतेक जण मान हलवतात. त्या वयाचा कुणी टेबलाशी आला की मी मराठीतून विचारते, "जेवलास का?" ते हसतात. एक म्हणाला, "आजी, हॉटेलात काम करतो, मला काय विचारता! तुम्ही काय खाणार ते बोला."

गेल्या गुरुवारी एकाने उत्तर दिलं नाही. दाढी होती, फोटोसारखा दिसत नव्हता. मी विचारलं तेव्हा तो ताटं गोळा करत होता. त्याचा हात थांबला. मान खाली, पाठ माझ्याकडे. मागे रस्त्यावर ट्रक वाजत होते, आणि त्या गलबल्यात त्याची शांतता मला ऐकू आली. मग तो ताटं घेऊन आत गेला.

मी मागोमाग गेले नाही. नाव विचारलं नाही. तुझे वडील, असं काही म्हटलं नाही. चहा संपवला आणि पर्समधल्या कॅलेंडरच्या पानामागे पेन्सिलीने लिहिलं, 'आई घरीच आहे. घर विकलेलं नाही. संध्याकाळी फोन कर.' ते कपाखाली ठेवून आले.

आज सोमवार आहे. संध्याकाळी मी त्या घरी फोन करत नाही. लाईन मोकळी हवी.