बारा बाई उंचीचा कडा

दुपारी जेवण झालं की मी आरामखुर्चीत पडतो. झोपत नाही, नुसता पडतो. डोळे मिटले की आधी तांबडं दिसतं, मग ते करडं होत जातं आणि शेजारच्या पिठाच्या गिरणीचा आवाज लांब जायला लागतो. आज तो पुरता लांब जायच्या आत मला एक गोष्ट ठरवायची आहे. चार वाजता नाशिकहून तांबटांचा फोन येणार आहे.

तांबट माझ्या जुन्या स्लाइड मोठ्या करून प्रदर्शनासाठी छापून देणार आहेत. डोंगर, नद्या, समुद्रकिनारे यांची छायाचित्रं काढत मी निम्मं आयुष्य एसटीने हिंडलो. त्यातल्या बऱ्याच चित्रांत खाली कुठे तरी एक बाई उभी आहे, करंगळीच्या नखाएवढी, जांभळ्या साडीत. ती माझी थोरली बहीण, अंबूताई. संगमनेरला शाळेत भूगोल शिकवायची. तिला जाऊन नऊ वर्षं झाली.

तांबट काल म्हणाले, "सर, ही बाई काढून टाकू का? कॉम्प्युटरवर दोन मिनिटांचं काम. डोंगर कसा मोकळा दिसेल बघा."

खरं तर मला तेव्हाही मोकळाच डोंगर हवा असायचा. तरी मी म्हटलं, उद्या सांगतो.

गिरणी थांबते. त्याच जागी इंजिन घरघरायला लागतं. माझ्या पाठीला आता खुर्चीचं कापड नाही, एसटीचं रेक्झिन आहे, आणि खिडकीशी ताई बसली आहे.

"सरक जरा," ती म्हणते. "अख्ख्या बाकावर तुझी तिपाई. तिचं तिकीट काढलंस का?"

ट्रायपॉडला ती कायम तिपाईच म्हणायची. मी तो उचलून गुडघ्यांत धरतो.

"ताई, तू गेलीस ना?"

"गेले की. म्हणून काय उभ्यानं प्रवास करू?"

तिचा आवाज वर्गातला आहे, शेवटच्या बाकापर्यंत जाणारा. पुढचा एक माणूस वळून बघतो आणि पुन्हा डुलक्या घ्यायला लागतो. ताई पिशवीतून शेंगदाणे काढते, मला देते. ते गरम आहेत.

"काय ठरवायचंय तुला?" ती विचारते.

मी सांगतो. ती ऐकताना सालं फुंकून खिडकीबाहेर टाकत राहते. मग म्हणते, "उतर, आलं."

मी पायरीवरून पाय खाली टाकतो तो थेट दगडावर पडतो. कुकडी नदीचं पात्र आहे, निघोजचं. चहूकडे रांजणखळगे. पाण्याबरोबर गोटे गरगर फिरून कातळात एवढाले खड्डे पडतात, त्यांना हे नाव. तुम्ही पाहिले नसतील तर एकदा पाहा. बसचं दार पाठीमागे उघडंच आहे आणि कंडक्टर पाण्याकडे बघत उभा आहे.

इथूनच सगळं सुरू झालं होतं. ताईच्या वर्गासाठी मी इथलं पहिलं चित्र काढलं, मला हवं तसं, एकही माणूस नसलेलं. ताईने ते पडद्यावर दाखवलं. पाचवीतला एक मुलगा म्हणाला, "बाई, हा आंबोळीचा फोटो आहे." दुसऱ्याला ती उखळं वाटली. मुलांची काही चूक नव्हती. चित्रातली वस्तू किती मोठी हे वस्तू स्वतः सांगत नाही, शेजारी ओळखीचं काही तरी लागतं. पुढच्या सुट्टीत ताई माझ्याबरोबर आली आणि सरळ एका खळग्यात उतरून उभी राहिली.

तेव्हापासून तिच्या वर्गात एक नवीनच माप सुरू झालं. हा धबधबा किती उंच? आठ बाई. घाटातला तो काळा कडा? बारा बाई. मुलं पडद्याशी जाऊन पट्टीने बाई मोजायची आणि भांडायची. एकदा तर तास संपेपर्यंत वाद चालला, बाई चपलांसकट धरायच्या की चपलांशिवाय.

"चपलांसकट," ताई खळग्यातून म्हणते. मी काही बोललेलो नसताना. "कातळावर कोण चपला काढतंय? पाय भाजतील."

"ताई, थोडी डावीकडे होतेस का? मधोमध आली आहेस."

"खळगा मधोमध आहे, त्याला मी काय करू?"

"आणि ही साडी. जरा मातकट रंगाची नेसायची."

"मग मी दिसले असते का, येशा? आणि दिसायचं नसेल तर दगडांत येऊन उभी कशाला राहू?"

मी वाकून कॅमेऱ्यात पाहतो. डोकं वर करतो तर नदी रुंद झाली आहे, तिला पलीकडचा काठच नाही. पाणी खारट वासाचं आहे. हरिहरेश्वरचा खडक आहे हा, लाटांनी जाळीसारखा कुरतडलेला. भरती लागते आहे. बस मात्र अजून तिथेच आहे, चाकं ओली झालेली. ताई खडकाच्या टोकाशी उभी आहे, पदर कमरेला खोचून.

"मला पुसलंस तरी चालेल," ती म्हणते.

मला हे अपेक्षित नव्हतं. मी म्हणतो, "असं कसं?"

"नीट विचार कर. रविवारी तुझ्याकडे पोरं येतात, त्यांना तू चित्रं दाखवतोस. त्यांच्यातल्या कुणी मला पाहिलंय? मी किती उंच, हे कुणाला ठाऊक आहे?"

हाच प्रश्न मागच्याच रविवारी निलोफरने विचारला होता. सहावीत आहे ती. घाटातल्या कड्याचं चित्र बघून ती म्हणाली, "आजोबा, बारा बाई म्हणजे किती? ही बाई केवढी होती?" मी हात वर केला, दाखवायला. हात खांद्याशी नेला, मग कानाशी, मग पुन्हा खाली. पोरं हसली. त्यांना वाटलं मी गंमत करतोय. मला आठवत नव्हतं. तिच्याबरोबर इतकी वर्षं हिंडलो, पण मी कायम कॅमेऱ्यामागे आणि ती तिकडे लांब, नखाएवढी.

"ज्या मापाची लांबी कुणालाच माहीत नाही, ते माप काय कामाचं?" ताई म्हणते. रागाने नाही. फळ्यावरचं गणित सोडवून दाखवावं तसं. "नुसती अडगळ. पूस."

"तू इकडे ये."

"फोटो?"

"फोटो राहू दे. इकडे ये, माझ्याजवळ उभी राहा."

"भरती लागलीय, येशा."

"म्हणून तर म्हणतोय."

ती येते. खडकावरून येताना तिचा पाय कधीच घसरत नसे, आताही घसरत नाही. मी ट्रायपॉड आडवा ठेवतो. आता आम्ही शाळेच्या वऱ्हांड्यात आहोत, पण पायांखाली तोच जाळीचा खडक आहे आणि घोट्यापर्यंत पाणी. आत कोणता तरी वर्ग नद्यांची नावं घोकतो आहे. ताई माझ्यासमोर ताठ उभी राहते, राष्ट्रगीताला उभी राहायची तशी.

"चपला आहेत पायात," ती म्हणते. "लक्षात ठेव. नाही तर पोरं पुन्हा भांडतील."

"भांडू देत."

"हो, भांडू देत म्हणा. तेवढाच तास बरा जातो."

मी उजवा तळवा सपाट करून तिच्या डोक्यावर ठेवतो. थोरल्या बहिणीच्या डोक्यावर हात ठेवायची ही माझी पहिलीच वेळ. केस चापून बसवलेले आहेत, तेल लावून, आणि उन्हाने तापले आहेत. वाटलं होतं त्यापेक्षा हात बराच खाली आहे. ती एवढीशीच होती, आणि मुलांनी तिच्या मापाने घाट मोजले.

"आला का अंदाज?" ती विचारते.

"हलू नकोस."

"मी नाही हलत. तू हलू नकोस."

आतला वर्ग नद्यांवरून गिरणीच्या आवाजावर येतो. मी डोळे उघडतो. मी खुर्चीतून उठून उभा आहे. कधी उठलो ते माहीत नाही. उजवा हात पुढे, सपाट, हवेत. मी तो हलवत नाही. काठोकाठ भरलेली वाटी न्यावी तसा तो न्यायला लागतो, पाय न उचलता, फरशीवरून सरकत. भिंत चार पावलांवर आहे. तिथे पोचल्यावर हात तसाच ठेवून तळव्याची कड चुन्यावर टेकवतो आणि दाबतो.

हात काढतो तेव्हा भिंतीवर एक आडवा डाग उमटलेला असतो. तळव्याला खोबरेल तेलाचा वास येतो. माझ्या डोक्यावर गेल्या कित्येक वर्षांत केस नाहीत, आणि आज जेवायला दहीभात होता.

फोन वाजतो. तांबट आहेत.

"बाई राहू द्या," मी सांगतो.

"सगळ्या चित्रांत?"

"सगळ्या. आणि जांभळा रंग फिका करू नका."

फोन ठेवून मी परत भिंतीशी येतो. तेल चुन्यात मुरतं आहे, पण डागाची वरची कड सरळ आहे. टेप कपाटात आहे, मी तो काढत नाही. फुटांत किती, ते रविवारी पोरं बघतील. चपलांचा वाद होईलच. आधी निलोफरला त्याखाली उभं करायचं, ती अजून किती वाढायची राहिली आहे ते बघू.