रात्री बाहेर जाणारी बाई

डॉक्टरीणबाईंनी सांगितलं, इन्फेक्शन गेलं, लघवी स्वच्छ आली, आता काळजी नको. मी डहाणूहून खुशीत घरी आले आणि पिशवी खाली ठेवायच्या आत मागच्या बांधाकडे पळाले. जळजळ गेली होती, ताप गेला होता, धाव तेवढी राहिली. भाकरी थापताना लागे, अंगणवाडीत मुलांना खिचडी वाढताना लागे. जाऊन बसावं तर चार थेंब. उठून साडी सावरते न सावरते तोच पुन्हा तेच. रडू यायचं आणि स्वतःचाच संतापही यायचा.

पुन्हा डहाणू गाठलं. बाई म्हणाल्या, आता आजार नाही, पण मूत्राशय अजून चिडलेलं आहे. कोरा चहा बंद कर, थोडं थोडं धरून ठेवायला शिक, काही आठवडे लागतील. त्यांचं काय जातं सांगायला. आमच्या घरामागे सरकारी संडास आहे. त्याला दार आहे, कडी आहे आणि आत सरपण आहे. पाणी हंड्याने आणायचं, ते काय संडासात ओतायचं? म्हणून सगळ्या बायका बांधावर जातात, शेजाऱ्यांच्या गोठ्यामागून. मी रात्रीही तिकडेच जायचे, आणि बॅटरी न घेता. बाईमाणसाने उजेड लावून बसायचं म्हणजे सगळ्या पाड्याला दाखवायचं. ही माझी अक्कल, आणि तीच अंगाशी आली.

कारण रात्री उजेडाशिवाय एकटी, पुन्हा पुन्हा फिरणारी बाई दिसली की आमच्याकडे तिला एकच नाव देतात. भूताळी. म्हणजे दुसऱ्याच्या घरावर करणी करणारी.

शेजाऱ्यांची म्हैस अचानक आटली तेव्हा कोणी काही बोललं नाही. मग त्यांच्या नातीला ताप आला. हुडहुडी भरून चढायचा, घाम येऊन उतरायचा, पुन्हा चढायचा. त्या घरच्या म्हातारीला मी लग्न होऊन आल्यापासून काकी म्हणते. ती मला लांबून बघितलं तरी नातीला उचलून आत न्यायला लागली. बोअरिंगवर माझ्या हंड्याला हंडा लावून कोणी ठेवेना. अंगणवाडीत मुलं येईनाशी झाली. ज्यांची नाकं मी पुसलीत, त्यांच्या आया मला बघून वाट बदलायच्या.

नवऱ्याला माझ्याआधी कळलं होतं. तो म्हणाला, शेजारचे भगताकडे जाणार आहेत. भगत तांदळाचे दाणे टाकून करणी कोणत्या घरातून झाली ते सांगणार. दाणे आपल्याकडे वळले तर इथे राहता येणार नाही, घर आणि भाताचं शेत टाकून उठावं लागेल. एवढं सांगून त्याने माझ्यापुढे हात जोडले, रात्रीची बाहेर जाऊ नको. त्याचा असा राग आला मला. पण भीती रागाहून मोठी होती.

मी पाणी पिणं तोडलं. रात्री घरात डबा ठेवला, पण एकाच खोलीत सासू, नवरा आणि वयात आलेली मुलगी. आवाज होईल म्हणून मी दाबून धरायचे. पाणी तोडल्याने जळजळ पुन्हा सुरू झाली, ते वेगळंच.

एके सकाळी शेजारच्या अंगणात माणसं जमलेली दिसली. भगताकडे निघायची तयारी. नवरा नको नको म्हणत असताना मी सरळ त्या अंगणात जाऊन उभी राहिले.

"काकी, रात्री फिरते ती मीच," मी म्हणाले. "मुतायला जाते. मुताचा आजार झाला होता, तो गेला, सवय राहिली. आत्ता उभी आहे तरी लागलीय."

पुरुषांनी माना फिरवल्या. मागे कोणीतरी फिसकन हसलं. काकी हसली नाही.

"पोरीला आधी दवाखान्यात न्या. मी येते बरोबर. तिचं काही वाईट झालं तर दाणे टाकायला नकोत, मी आपण होऊन पाडा सोडते."

मग पोरीची आई उठली आणि कोणाला न विचारता तिला खांद्यावर टाकून रस्त्याकडे चालायला लागली. काकी तिच्यामागे, मी काकीच्या मागे.

तलासरीच्या दवाखान्यात तपासून डॉक्टरांनी डहाणूला न्यायला सांगितलं. हायवेवर जीपच्या प्रत्येक धक्क्याला माझा जीव जात होता. गाडी थांबवा म्हणायची सोय नव्हती. त्या थांबण्याने पोरीला काही झालं असतं तर ते माझ्यावरच आलं असतं. डहाणू येईपर्यंत थोडं सुटलंच. साडी गडद होती म्हणून लाज राहिली.

रक्तात मलेरिया निघाला. सलाईन लागलं, इंजेक्शनं झाली, आणि दुपार कलल्यावर पोरीने बिस्किट मागितलं. तिची आई तिच्याजवळ राहिली. मी आणि काकी परत निघालो. दिवसभरात काकी माझ्याशी एक शब्द बोलली नव्हती. पाड्यात आता ती म्हणेल तेच खरं होणार होतं, हे मला पक्कं माहीत होतं.

आशागड मागे पडलं आणि माझ्याने धरवेना. मी ड्रायव्हरला गाडी थांबवायला सांगितलं. तो म्हणाला, पुढे चारोटीला थांबतो. मी दारच उघडायला गेले तेव्हा त्याने कुरकुरत ब्रेक मारला. मी उतरले. माझ्यामागे काकीही उतरली. मला वाटलं, ही बघायला उतरली, मी खरंच मुतते की आणखी काही करते.

कडेला साधं झुडूपही नव्हतं आणि जीप माणसांनी भरलेली. काकी माझ्याकडे पाठ करून उभी राहिली. दोन्ही हातांनी तिने लुगड्याचा पदर ताणून धरला. मी बसले. दिवसभराचं सगळं गेलं.

उठले तेव्हा ती म्हणाली, "झालं? आता तू धर. माझं शेवटच्या बाळंतपणापासून असंच आहे."

मी पदर धरला. ड्रायव्हरने हॉर्न वाजवला.

"थांब रे मेल्या," काकी बसल्या जागेवरून ओरडली, "सुनेबरोबर आलेय मी."

तिची सून तेव्हा डहाणूला, नातीच्या खाटेजवळ होती.