पाण्यात ठेवलेला गणपती

खरं सांगायचं तर त्या आठवड्यात मी देवाशी भांडत होते. दोन हजार सहा सालची गोष्ट. माझे यजमान सिंगापुरातल्या चांगीच्या ऑफिसातून बँकेच्या सॉफ्टवेअरच्या कामासाठी लेबनॉनमध्ये बैरूतला गेले आणि तिथे युद्ध पेटलं. विमानतळ बंद झाला. बंदरावर बॉम्ब पडत होते आणि यांचं भाड्याचं घर बंदरापासून दहा मिनिटांवर, चौथ्या मजल्यावर. भारतीयांना न्यायला बोट येणार होती, यादीत यांचं नावही होतं, पण कधी ते कुणालाच ठाऊक नव्हतं.

आमच्या घरी मोठं संकट आलं की देव पाण्यात ठेवतात. काम होईपर्यंत त्यांना बाहेर काढायचं नाही, हातही लावायचा नाही. इथे सिंगापुरात, वुडलँड्सच्या फ्लॅटमध्ये मी पितळेचा गणपती पातेल्यात बुडवला आणि त्याला बजावलं, 'यांना आणून सोड, मगच कोरडा होशील.' यांनाही बजावलं, रोज दुपारी एकला, म्हणजे माझ्या संध्याकाळी सहाला, फोन आलाच पाहिजे. इमारतीतली सगळी माणसं तळघरातल्या पार्किंगमध्ये दिवस काढत होती. नळाला पाणी नव्हतं, पाव वाटून खायचा, मुलं रडून रडून थकलेली. तिथे मोबाइलला रेंज नसे. म्हणून हे चार मजले चढून गॅलरीत येत, 'मी ठीक आहे गं' एवढं म्हणत आणि खाली पळत. मागून स्फोटाचा आवाज ऐकू येई, तरी मी आधी विचारी, 'आज उशीर का झाला?' हे लिहिताना आजही लाज वाटते.

सहाव्या दिवशी सकाळी डेंग्यूची तपासणी करणारा माणूस आला, साठी ओलांडलेला चिनी गृहस्थ. घरात कुठे पाणी साचलंय का, हे बघायला इथे अशी माणसं येतच असतात. त्याने देवघरातल्या पातेल्यात टॉर्च मारला. गणपतीच्या पायाशी अळ्या वळवळत होत्या.

"धिस वन कॅनॉट लाह, मॅडम. मस्ट थ्रो."

मी पातेल्यासमोर आडवी उभी राहिले आणि रडत रडत त्याला सगळं सांगून टाकलं, रोजच्या फोनसकट. तो टॉर्च बंद करून खुर्चीवर बसला आणि स्वतःचं सांगू लागला. जपान्यांनी सिंगापूरवर बॉम्ब टाकले तेव्हा तो आईच्या पोटात होता. वडील बंदरात हमाल. गोदामाजवळच्या खंदकात ते सुरक्षित होते, पण आईचा हट्ट, रोज घरी येऊन तोंड दाखवून जा.

"शी कॉल, सो ही कम. वन डे, ऑन द रोड, फिनिश."

मीच बोलावलं त्यांना, असं त्याची आई मरेपर्यंत म्हणत होती.

तो गेल्यावर मी गणपती बाहेर काढला, पुसला आणि जागेवर ठेवला. या देवाला मी ओलीस धरलं होतं, आणि नवऱ्यालाही.

संध्याकाळी फोन आला. मी म्हटलं, "उद्यापासून वर येऊ नका. बोटीत बसलात की कळवा."

"अगं, तुला राहवेल का?"

"नाही राहवलं तर नाही."

पुढचे चार दिवस फोन नाही. टीव्हीवर धूर दिसे आणि मी त्यात यांची इमारत शोधत बसे. गणपतीला काही बजावण्याची हिंमत उरली नव्हती. 'तुझ्या हवाली' एवढंच म्हणत राहिले.

पाचव्या दिवशी हे बोटीने सायप्रसला पोचले आणि तिथून बोलले. आमचं बोलणं झालं त्याच्या दुसऱ्याच दिवशी, दुपारी एकच्या सुमारास, समोरच्या इमारतीवर बॉम्ब पडला आणि यांची गॅलरी भिंतीसकट रस्त्यावर कोसळली. हे खाली होते. घरमालक मुलांसाठी गाद्या आणायला वर गेला होता, तो परत आला नाही. त्याची बायको तेव्हा यांच्या शेजारी बसून पावाचे वाटे करत होती.

तो तपासणीवाला नेमका त्याच सकाळी का आला, यावर मी वाद घालत नाही. माझा माणूस घरी आला, त्याबद्दल देवाचे उपकार मी जन्मभर मानीन. पण हात जोडले की आधी पावाचे वाटे करणारी ती बाई डोळ्यांपुढे येते. तिच्यासाठी मागते. मग स्वतःसाठी काही मागायला जीभ रेटत नाही.